एक बाटली, नऊ पेले

वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची. मोजून ओतली तर पाच पेले होतात. घरी आठ मित्र जमले की यजमानाच्या कपाळाला आठी पडते. सांग्रियात हीच बाटली नऊ पेल्यांपर्यंत ताणता येते, आणि कोणी कुरकुरत नाही. रेड वाइनमध्ये फळांच्या फोडी, थोडी साखर, वाटल्यास जराशी ब्रँडी, रात्रभर फ्रीज आणि वाढताना सोडा, एवढाच सगळा प्रकार.

हे पेय मूळचं स्पेन-पोर्तुगालचं. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात स्पेनच्या दालनात ते अमेरिकनांनी चाखलं आणि तिथून त्याचा बोलबाला झाला. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमानुसार नुसतं ‘सांग्रिया’ म्हणून विकायची बाटली या दोनच देशांत बनलेली असावी लागते. तिच्यात मद्यार्क ४.५ टक्क्यांहून कमी चालत नाही आणि १२ टक्क्यांच्या आतच असावा लागतो. वरून रंग घालायलाही मनाई आहे. गंमत म्हणजे स्पेनमधले लोक सांग्रिया बहुतेक पर्यटकांसाठी सोडतात. स्वतः उन्हाळ्यात ‘तिंतो दे वेरानो’ पितात, म्हणजे रेड वाइनमध्ये लिंबाच्या चवीचा सोडा. गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या उर्राकात लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पिणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

मराठी घरात सांग्रिया करायची तर वाइन नाशिकची घ्यावी, परदेशी बाटलीच्या वाटेला जाऊ नये. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन बनवून निर्यात केली. पुढे अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली आणि सुला ही वायनरी उभी राहिली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. युरोपात द्राक्षतोडणी सप्टेंबरच्या सुमारास चालते. आपल्याकडे त्याच दिवसांत फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी सुरू होते आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. ही द्राक्षं बाजारातल्या थॉमसनसारखी नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बी, आणि रेड वाइनचा रंग सालीतूनच येतो.

भारी बाटली मात्र सांग्रियात वाया जाते. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनमध्ये तुरटपणा असतो, तो थंड केल्यावर आणखी जिभेला लागतो आणि गोडी दबते. म्हणून बिनपिंपाची, फळांच्या वासाची साधी शिराझ किंवा झिनफँडेल घ्यावी.

खरी मेहनत फळांवर. नागपुरी संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात असतो, ऊन तापायला लागतं त्याच सुमारास. या संत्र्याची साल सैल, त्यामुळे स्पेनमधल्यासारख्या सालीसकट चकत्या करायला गेलं की साल हातात आणि गर पाटावर. त्यापेक्षा ते सोलावं, फोडी सुट्या करून बिया काढाव्यात आणि सालीचे दोन-तीन पातळ नारिंगी पापुद्रे तेवढे टाकावेत. पांढरा भाग राहिला तर रात्रीतून कडवटपणा उतरतो. लिंबाच्या चकत्याही याच कारणाने शेवटच्या तासाभरात टाकाव्यात. सफरचंद आणि करकरीत पेरू छान टिकतात, डाळिंबाचे दाणे दिसायला देखणे. केळं आणि पपई यांचा मात्र लगदा होतो. साखर थंड वाइनमध्ये लवकर विरघळत नाही, तळाशी बसते. दोन-तीन चमचे साखर आधी कोमट संत्र्याच्या रसात विरघळवून घ्यावी. दालचिनीचा एक तुकडा पुरे. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. आंबट पदार्थ असल्याने तांब्या-पितळेचं नको. बर्फ भांड्यात टाकू नये, पेल्यात टाकावा, नाहीतर तासाभरात सगळं पाणचट होतं.

साडेबारा टक्क्यांच्या एका बाटलीत दीडशे मिली रस आणि अर्धा लिटर सोडा घातला की मद्यार्क पावणेसात टक्क्यांच्या आसपास येतो. साठ मिली ब्रँडी वाढवली की आठच्या वर जातो, म्हणजे स्ट्राँग बिअरच्या घरात. गोडीमुळे ते जाणवत नाही, हाच धोका. तळाशी राहिलेल्या फोडींनी तर भरपूर दारू प्यायलेली असते. मुलांच्या हाती त्या लागू देऊ नयेत.

ब्रँडीला एक देशी पर्यायही आहे. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, माळव्याचं पठार नर्मदेकडे उतरतं त्या बाजूला उदयनगर आहे. भोवतालच्या रानात भिलाला, बारेला, कोरकू वस्ती. इथे वसंतातलं पेय मोहाचं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळलेली फुलं वेचायची, वाळवायची, आंबवून दारू गाळायची आणि पहिला थेंब पूर्वजांच्या नावाने जमिनीला द्यायचा. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने या फुलांवरच निर्बंध घातले होते. मध्य प्रदेश सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन विक्रीची वाट मोकळी करायची घोषणा केली. ब्रँडीच्या जागी अशी परवानाप्राप्त मोहाची दारू तीस मिली घालून पाहायला हरकत नाही. तिचा फुलांचा वास संत्र्याशी जमावा. बिनपरवान्याची हातभट्टी मात्र सांग्रियातही नको.

कायद्याचंही भान हवं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१, कडक दारूसाठी २५, आणि पिण्याचा परवानाही लागतो. म्हणजे बावीस वर्षांच्या भाच्याला नुसती वाइनची सांग्रिया चालेल, तीत ब्रँडी पडली की नाही! मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह १९ धर्मस्थळी दारूविक्री बंद आहे; माळव्यातल्या मित्रांकडे जाताना वाटेत बाटली घेऊ, असं गृहीत धरू नये.

पहिल्या खेपेला ब्रँडी वगळाच. शेजारी दुसऱ्या भांड्यात हीच फळं, कोकमाचं सरबत आणि सोडा असं बिनदारूचं पेय तयार ठेवा, आणि गाडी चालवत घरी जाणाऱ्यांना त्याच भांड्यातलं वाढा.