झोपला आहे की आजारी आहे?

तीस वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. शीतनिद्रेवर परीक्षेत हुकमी प्रश्न असायचा. त्यामुळे २०२३च्या जूनमध्ये मी मेलबर्नला मुलाकडे असताना नातवाचा सरडा खाईनासा झाला आणि कोपऱ्यात निपचित पडला, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिमाखात सांगितलं, “झोपलाय तो. झोपू दे.” माझं म्हणणं अर्धंच बरोबर होतं. उरलेलं अर्धं त्याच्या जिवावर बेतलं होतं.

हा सरडा आपल्या कुंपणावरचा नव्हे बरं का. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या रखरखीत प्रदेशातला हा दाढीवाला सरडा, इंग्रजीत बिअर्डेड ड्रॅगन. शेपटी धरून दीड-दोन फूट लांब. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो, ती काळी पडते, म्हणून दाढी. स्वभावाने मात्र गरीब. युरोप-अमेरिकेतही लोक त्याला काचेच्या पेटीत हौसेने पाळतात. आमच्या नातवाने त्याचं नाव ठेवलं होतं बंडू.

तिकडे जून ते ऑगस्ट थंडी. दिवस लहान होतो, गारठा वाढतो, तसा रानातला हा सरडा बिळात किंवा ओंडक्याखाली शिरतो आणि काही आठवडे, कधी दोन-तीन महिने पडून राहतो. सरड्याला अंगातली ऊब बाहेरून घ्यावी लागते. ती कमी झाली की हृदय, श्वास, पचन सगळंच मंदावतं. मधूनच उठतो, पाणी पितो, पुन्हा झोपतो. पाळलेल्या मोठ्या सरड्यांनाही ही ओढ लागते. काहींना लागतच नाही, त्यातही काळजीचं काही नाही.

अडचण पुढेच आहे. निरोगी सरडा झोपायच्या आधी खाणं सोडतो, सुस्तावतो, अंधारा कोपरा धरतो. आजारी सरडाही नेमकं हेच करतो! मग ओळखायचं कसं? मुख्य म्हणजे वजनावरून. मंदावलेल्या शरीराला इंधन फार थोडं लागतं, त्यामुळे खरोखर झोपलेल्याचं वजन जेमतेम हलतं. दर आठवड्याला काट्यावर ठेवलं की कळतं. मी तीन आठवडे ठेवू दिलं नाही, झोपमोड होईल म्हणून. शेवटी सुनेने केकचं सामान मोजायच्या काट्यावर त्याला ठेवलाच. वहीतलं आधीचं वजन ४३० ग्रॅम, आता ३७५. म्हणजे शेकडा तेराच्या आसपास घट. दहा टक्क्यांवर गेलं की थांबूच नये. डोळेही खोल गेले होते. सून म्हणाली, “आई, ही झोप नाही हो.”

प्राण्यांच्या डॉक्टरांनी विष्ठा तपासली. पोटात जंत आणि कोक्सिडिया नावाचे एकपेशीय परजीवी. पाळीव सरड्यांत हे थोडेफार आढळतातच, एरवी शरीर त्यांना आवरून धरतं. पण अंग गार झालं की प्रतिकारशक्तीही मंदावते, आणि त्यांचं फावतं. म्हणून झोपेच्या हंगामाआधीच विष्ठेची तपासणी करून घ्यायची असते. बंडूला आधी ऊब दिली, कोमट पाण्यात बसवलं, मग औषध. गार शरीरात औषधही नीट लागू पडत नाही.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, शेवटचं खाणं कधी झालं? नातवाने रातकिडे खाऊ घातले होते, आणि त्याच संध्याकाळी ऊब देणारा दिवा मीच बंद केला होता. ऊब नाही म्हणजे पचन नाही, पोटातलं अन्न तिथेच कुजतं. योग्य क्रम असा, की आधी खाणं थांबवायचं, दिवा आठवडा-दोन आठवडे तसाच ठेवायचा, पोट रिकामं झालं की मग ऊब हळूहळू कमी करायची. हे मला पुस्तकात कधी भेटलं नव्हतं. की भेटलं होतं आणि मी परीक्षेपुरतंच वाचलं होतं?

बाकीच्या खुणा थोडक्यात सांगते. तोंड उघडून धापा टाकणं किंवा नाकाशी फेस येणं, हे फुप्फुसाचं दुखणं. पाय थरथरणं, जबडा मऊ लागणं, हा कॅल्शियमचा अभाव. त्यामागे बरेचदा जुना झालेला अतिनील दिवा असतो. तो दिसायला पेटतो, पण त्यातून हवे ते किरण येणं केव्हाच कमी झालेलं असतं. मादी नराशिवायही अंडी धरते, ती अडली तरी ती अशीच मलूल पडते. आणि वर्षाच्या आतलं पिल्लू झोपायला लागलं तर ती झोप समजूच नये, त्याच्या अंगात तेवढा साठा नसतो.

मी परतले तेव्हा बंडू ४१० ग्रॅमवर आला होता. पुढच्या मे महिन्यात नातवाचा फोन आला. “आजी, तपासणी झाली. वजन लिहिलंय. पोटपण रिकामं आहे. आता दिवा कमी करू?”

मी म्हटलं, “डॉक्टरांना विचार.”