झाकलेले शस्त्र : निवड किती, नियम किती

सुरतच्या कतारगाम भागात संध्याकाळी हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंट्या थंडावू लागल्या की दिवसभराचा माल जागेवर नेऊन ठेवण्याची लगबग सुरू होते. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी रखवालदार असतात, बंदिस्त वाहने असतात. लहान व्यापारी आणि दलाल मात्र घडी घातलेली कागदी पुडी अंतर्खिशात घालून स्कूटरला किक मारतात. त्या पुडीचे वजन काही ग्रॅम असते, तिची किंमत मात्र कित्येकदा एखाद्या घराएवढी भरते. हिऱ्यावर नाव नसते, तो सहज लपतो आणि सहज विकला जातो, हे लुटारूलाही ठाऊक असते. अशा माणसाला आपल्याजवळ एखादे पिस्तूल असावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. म्हापशाचा सराफ असो वा मडगावचा पेट्रोल पंपचालक, रोख रक्कम घेऊन रात्री घरी परतणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा विचार कधी ना कधी डोकावतोच. शस्त्र कायदा केंद्राचा असल्याने कतारगामला जे लागू आहे तेच गोव्यालाही लागू आहे. फरक एवढाच, की सुरत शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात आणि गोव्यात पोलीस आयुक्तालय नसल्याने तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे.

‘कोणते पिस्तूल घ्यावे?’ हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. खरे तर तो बराच नंतरचा प्रश्न आहे. अमेरिकेत दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या शेकडो नमुन्यांतून ग्राहक आपल्या पसंतीचे हत्यार उचलतो. भारतात निवडीचा मोठा भाग कायद्याने आधीच उरकलेला असतो.

शस्त्र अधिनियम 1959 अन्वये बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क नाही. ती शासनाने कारण पाहून दिलेली परवानगी आहे. अर्जदाराचे वय किमान 21 वर्षे हवे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे अर्जासोबत शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची हमी आणि हाताळणीचे प्रशिक्षण या बाबी येतात. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. जिवाला खरोखर धोका आहे काय, व्यवसायाचे स्वरूप काय, पूर्वीचे गुन्हे, शेजारपाजारची भांडणे, घरातले वाद असे सारे त्यात तपासले जाते. ‘हिऱ्यांचा व्यापार आहे’ एवढे कारण आपोआप पुरेसे ठरत नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. त्याच दुरुस्तीने बेकायदा शस्त्राची शिक्षाही वाढवली. गल्लीबोळात मिळणारा कट्टा ‘तात्पुरता’ म्हणून जवळ ठेवणाऱ्याने हे विसरू नये. लुटारू पळून जाईल आणि तुरुंगात व्यापारी जाईल, अशी वेळ त्यातून येऊ शकते.

परवाना मिळाला तरी बाजारातले प्रत्येक पिस्तूल घेता येत नाही. लष्कर आणि पोलिसांच्या हत्यारांत चालणारी काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत, या ब्रिटिशकालीन विचारातून ‘निषिद्ध बोर’ ही वर्गवारी आली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. त्यामुळे 9 मि.मी.चे सेवा काडतूस, .380 किंवा .455 चे काडतूस ज्यात बसते आणि उडते, अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर सामान्य परवानाधारकाला वर्ज्य आहेत. चित्रपटांतला नायक ज्या 9 मि.मी. पिस्तुलाशी खेळतो, ते कतारगामच्या व्यापाऱ्याला कितीही पैसे मोजून कायदेशीरपणे मिळत नाही. व्यक्तिगत आयातही अनेक दशकांपासून जवळजवळ बंद आहे. म्हणूनच एखादे जुने विलायती पिस्तूल हस्तांतराने विक्रीला आले तर त्याला अवाच्या सव्वा किंमत येते. त्या किमतीत हत्यारापेक्षा दुर्मीळतेचाच वाटा मोठा असतो. सुटे भाग न मिळणारे पन्नास वर्षांपूर्वीचे पिस्तूल संग्राहकाला शोभते. रोज कमरेला लावणाऱ्याच्या ते उपयोगाचे नाही.

उरतो तो मुख्यतः .32 बोर. त्यातही एक मेख आहे. रिव्हॉल्व्हरचे .32 काडतूस आणि पिस्तुलाचे .32 काडतूस ही नावाने भावंडे असली तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पहिले लांब आणि बुडाशी कड असलेले, दुसरे आखूड. खरेदीच्या वेळी परवान्यावर कोणत्या प्रकाराची नोंद आहे हे नीट पाहावे लागते.

सरकारी कारखान्यांची .32 बोरची रिव्हॉल्व्हर कानपूरला बनतात. आयुध निर्माणी मंडळाचे 1 ऑक्टोबर 2021 रोजी सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले, तेव्हापासून ही हत्यारे ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या कंपनीकडे आहेत. जानेवारी 2014 मध्ये कानपूरने ‘निर्भीक’ हे सुमारे 500 ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. महिलांच्या पर्समध्ये मावेल असे म्हणून त्याची जाहिरात झाली. त्याची तेव्हाची किंमत सुमारे 1 लाख 22 हजार रुपये होती. दिल्लीच्या 2012 च्या घटनेनंतर त्याला हे नाव दिले गेले आणि त्यावरून बरीच टीकाही झाली. ऑगस्ट 2023 मध्ये ‘प्रबळ’ आले. वजन सुमारे 700 ग्रॅम, नळी 76 मि.मी. आणि चक्री बाजूला उघडणारी. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याचे ‘अशनी’ हे .32 चे पिस्तूल आहे. काडतुसे मराठी माणसाच्या ओळखीच्या ठिकाणी, पुण्याजवळ खडकीला बनतात. 1869 पासूनचा तो दारूगोळा कारखाना आता ‘म्युनिशन्स इंडिया’चा भाग आहे. अलीकडे खासगी कारखान्यांनाही परवाने मिळाल्याने पर्याय थोडे वाढले आहेत. किमतीचा विचार करताना कर विसरून चालत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हा पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांच्या टप्प्यात गेली.

आता निवडीकडे. ‘प्रबळ’ची पल्ला 50 मीटर असल्याची प्रसिद्धी झाली, तेव्हा अनेकांना ते मोठे आकर्षण वाटले. स्वसंरक्षणाच्या दृष्टीने हा आकडा जवळजवळ निरर्थक आहे. लूटमार हाताच्या अंतरावर होते. पन्नास मीटरवरील माणूस अजून हल्लेखोर नसतोच आणि त्याच्यावर गोळी झाडणाऱ्याला न्यायालयात उत्तर देणे कठीण जाईल. रोज बाळगायच्या हत्याराची कसोटी निराळी असते. ते दहा-बारा तास अंगावर राहील काय, झाकलेले राहील काय, आणि हातात आल्यावर मालकाच्याच ताब्यात राहील काय?

रिव्हॉल्व्हर जाड असते, कारण सहा खणांची चक्री कमरेला फुगवटा आणते. पण त्याची रचना सरळ आहे. एखादे काडतूस दगा देऊन उडाले नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढचा खण समोर येतो. चक्री उघडली की किती गोळ्या भरल्या आहेत हे डोळ्यांना दिसते. पिस्तूल सपाट असते, सदऱ्याखाली लपते आणि मॅगझिन बदलणे सोपे जाते. मात्र काडतूस अडकले तर वरची पट्टी मागे खेचून ते काढावे लागते, आणि त्या क्षणी घाबरलेल्या माणसाला हे सुचतेच असे नाही. शिवाय मॅगझिन बाहेर काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज जीवघेणा आहे. नळीच्या तोंडाशी एक गोळी मागे राहू शकते. वर्षातून दोनदा सराव करणाऱ्या माणसाने साधे रिव्हॉल्व्हर घ्यावे आणि नियमितपणे रायफल क्लबात जाणाऱ्याने हवे तर पिस्तुलाचा विचार करावा, हे जुन्या जाणत्यांचे मत आजही योग्य वाटते.

वजनाचेही तसेच. हलके हत्यार बाळगायला सुखाचे, पण उडवताना हाताला जास्त झटका देते आणि दुसरी गोळी भरकटते. जड हत्यार हातात स्थिर राहते, पण उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी मालक ते कपाटात ठेवू लागतो. सुरतेची किंवा गोव्याची दमट हवा आणि घाम पोलादाला चांगले नसतात. अंगालगत राहणाऱ्या हत्याराला दर आठवड्याला पुसून तेलाचा हलका हात न दिल्यास पावसाळ्यात गंज धरतो. काडतुसांचेही ओलाव्याने नुकसान होते. वर्षानुवर्षे तीच सहा काडतुसे चक्रीत ठेवून निर्धास्त राहणारे परवानाधारक कमी नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे होल्स्टर. लाखाचे पिस्तूल घेणारा माणूस शे-दोनशे रुपयांच्या कापडी पिशवीत ते खोचतो. चाप पूर्ण झाकणारे आणि हिसका दिल्याशिवाय न सुटणारे म्यान नसेल तर स्कूटरवर बसता-उठताना हत्यार निसटते. 1 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून घरातच गोळी सुटली आणि ती त्यांच्या पायाला लागली. जुन्या हत्यारांत घोड्याच्या आडवी येणारी अंतर्गत अडसर पट्टी असतेच असे नाही. खाली पडल्यावर गोळी सुटणार नाही अशी रचना आहे की नाही, हा प्रश्न विक्रेत्याला पल्ल्याच्या आधी विचारायला हवा.

इथे भारतीय नियमांचा एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकेत शस्त्र झाकून बाळगण्यासाठी अनेक राज्यांत वेगळी परवानगी लागत असे, काही राज्यांत आजही लागते. आपल्याकडे नेमके उलट आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक जागी छोटे हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या परिणामकारक ताब्यात असले पाहिजे. ते उगारणे वा हवेत झाडणे निषिद्ध आहे. म्हणजे कमरेचे पिस्तूल सदऱ्याबाहेर मिरवणारा ‘वजनदार’ माणूस रुबाब करत नसतो, तो परवान्याच्या अटी मोडत असतो. लग्नात बार उडवण्याच्या हौसेला 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी स्वतंत्र शिक्षा आहे. पिशवीत हत्यार ठेवण्यास नियम मुभा देतो, पण हिरे आणि पिस्तूल एकाच पिशवीत ठेवणाऱ्याची पिशवी हिसकावली गेली तर चोराला दोन्ही मिळतात.

परवान्यावर क्षेत्राची नोंद असते, तीही महत्त्वाची. कतारगामचा व्यापारी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजारात जाताना गुजरातपुरता परवाना घेऊन महाराष्ट्राची सीमा ओलांडू शकत नाही. सुटीसाठी गोव्यात उतरणाऱ्या पाहुण्यालाही हेच लागू आहे. विमानात ते हातातल्या सामानात नेता येत नाही. आधी जाहीर करून, रिकामे करून, तपासणीच्या सामानात द्यावे लागते. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश निघू शकतो. सरसकट सर्वांचीच शस्त्रे जमा करून घेण्याच्या पद्धतीला मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये आक्षेप घेतला, तो शेजारच्या सिंधुदुर्गातील प्रकरणात. तेव्हापासून छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करून निर्णय घ्यावा, अशी पद्धत आली.

आपले शस्त्र दुसऱ्याच्या हाती जाणे हा तर स्वतंत्र धोका आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे तपासात पुढे आले आणि त्या अंगरक्षकाला अटक झाली. दुकानातल्या गल्ल्यात, गाडीच्या कप्प्यात किंवा उशीखाली ठेवलेले पिस्तूल कोणाच्याही हाती लागू शकते. घरात मुले असतील तर कुलूपबंद लोखंडी पेटी ही पिस्तुलासोबतच खरेदी करायची वस्तू आहे, आणि काडतुसे तिच्यापासून वेगळी ठेवायची असतात.

आणि गोळी झाडली तर? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत खासगी संरक्षणाचा अधिकार आहे. जबरी चोरीच्या प्रसंगी मालमत्तेसाठी हल्लेखोराचा प्राण जाण्यापर्यंत तो पोहोचू शकतो, पण संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा, ही मर्यादा कायम राहते. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर झाडलेली गोळी त्या मर्यादेत बसवणे अवघड असते. मागून आलेल्या दोघांनी दुचाकी आडवी घालून चाकू गळ्याला लावला असताना, सदऱ्याखालचे पिस्तूल काढायला लागणारे दोन-तीन सेकंद मिळतील काय, याचा हिशेबही प्रत्येकाने स्वतः करायचा आहे. म्हणूनच हिरेबाजारातले अनुभवी लोक पिस्तुलाआधी इतर गोष्टींवर भर देतात. रोजची वेळ आणि वाट बदलणे, एकट्याने माल न नेणे, मोठा माल आंगडियाच्या किंवा विमा उतरवलेल्या वाहतुकीच्या हवाली करणे, आणि रात्री पुडी घरी न नेता सेफ व्हॉल्टमध्ये ठेवणे. यांपैकी कशालाही परवाना लागत नाही.

तरीही ज्याला शस्त्र घ्यायचे आहे त्याने अर्जाआधी एकदा रायफल क्लबात जाऊन दोन्ही प्रकारची हत्यारे हातात घेऊन पाहावीत. चाप ओढायला बोटाला किती जोर लागतो, मूठ तळहातात बसते की नाही, हे कागदावरून कळत नाही. परवान्यावर एकदा प्रकाराची नोंद झाली आणि शस्त्र खरेदी झाले की ते बदलण्यासाठी पुन्हा त्याच कार्यालयाची पायरी चढावी लागते.