कोयता, लेखणी आणि यंत्राची बुद्धी



गट कार्यालयात, काट्यावर, सोसायटीच्या ओट्यावर हल्ली एकच प्रश्न आमच्या कानी येतो : "संगणकच आता विचार करणार म्हणे, मग आमच्या पोरांनी करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. तो थट्टेवारी नेऊन चालणार नाही.

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे 'डीप ब्लू' या संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला बुद्धिबळात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. तेव्हा नुसत्या हिशेबाच्या आणि आठवणीच्या बळावर यंत्राशी कुस्ती धरण्यात अर्थ नाही, हे सरळ मान्य करावे. मात्र बुद्धिबळाच्या पटावर चिखल नसतो, फडात असतो!

साखर कारखान्यातलेच उदाहरण घेऊ. निर्वात पॅनमध्ये पाक आटत जातो आणि योग्य वेळी बी देऊन दाणा धरावा लागतो. पाक पातळ राहिला तर दाणा विरघळतो, फार दाट झाला तर नको तो बारीक खोटा दाणा पडतो आणि साखर मळीबरोबर वाहून जाते. म्हणजे पैसा सभासदाचाच जातो. जुना पॅनमन नमुना काढून काचेवर पसरतो, उजेडासमोर धरतो, बोटांत चोळतो आणि म्हणतो, "थांबा जरा, अजून नाही." आज पाकाचा दाटपणा मोजणारी उपकरणे व संगणक हेच काम करतात. रात्रपाळीला त्यांना डुलकी लागत नाही, दाणाही एकसारखा येतो. इथे यंत्र सरस, वाद नाही. पण शिळा ऊस आला, पाक चिकट झाला, उपकरणावर थर बसला की आकडे खोटे बोलू लागतात, आणि ते ओळखायला काच वाचणारा माणूसच लागतो. दहा हंगाम संगणकानेच पॅन चालविला तर असा माणूस तयार कुठे होणार? आमची खरी काळजी ही आहे.

शेतातही हे वारे आलेच आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतील उपकरणे जोडून ऊसशेतीत हे तंत्र आणले. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही मंजूर केले. पिकावरचा ताण उपग्रह दाखवील, पण ओढ्याकाठची वाट खचली आहे, आज गाडी निघायची नाही, हे चिटबॉयलाच ठाऊक.

आणखी एक उलटी गोष्ट बघा. कोयत्याला भीती तोडणी यंत्राची, आणि ती जुनीच आहे. ही नवी बुद्धी आधी लेखणीवर येते : नोंदी, बिले, पत्रे, तक्ते. पोराच्या हाती कोयता येऊ नये म्हणून ज्यांनी मुकादमाकडून उचल घेऊन त्याला शिकविले, त्यांच्याच घरावर हा घाव पडायचा.

बँकांत संगणक येताना संघटनांनी विरोध केला होता. १९८३ साली करार झाला आणि संगणक टप्प्याटप्प्याने आले. आपल्याकडेही तसेच व्हावे. यंत्र खरेदीच्या ठरावासोबतच किती जागा कमी होणार, कोणाला नवे काम शिकविणार आणि सभासदाच्या शेताची माहिती कोणाच्या ताब्यात राहणार, हे छापून आले पाहिजे. ज्यांना वार्षिक सभेत याबाबत विचारावयाचे असेल त्यांनी आपला प्रश्न लेखी स्वरूपात गट कार्यालयात आधीच द्यावा.