पोटात काय आहे, ते खरे सांगा

गेल्या मे महिन्यात आंब्याच्या झाडावरून पडलेला दहा वर्षांचा मुलगा रात्री आमच्याकडे आणला. कोपराजवळ हाड मोडलेले, बोटे थंड पडत चाललेली. थांबायला वेळ नव्हता. मी भूल देणारा डॉक्टर, त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरलेला : शेवटचे कधी खाल्ले? "दुपारपासून पाण्याचा थेंब नाही," वडील ठामपणे म्हणाले. आजी मात्र घुटमळल्या. "रडत होता हो, म्हणून मघाशी कपभर हळद-दूध पाजलं." वडिलांनी डोळे वटारले. मी आजींचे आभार मानले.

जागेपणी घास चुकीच्या वाटेने गेला की ठसका लागतो. भुलीत हा पहारेकरीच झोपतो. जठरातले अन्न आणि आम्ल घशात आले, तर थेट फुप्फुसात उतरते. न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदींतून अशा ६६ घटना मांडल्या. त्यांतल्या दोघी अन्नाने श्वास कोंडून दगावल्या.

ठरलेल्या ऑपरेशनला हलक्या जेवणानंतर किंवा दुधानंतर ६ तास, तेलकट-मटणाच्या जेवणानंतर ८ तास, आईच्या दुधानंतर ४ तास थांबतात. साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा मात्र पाण्यात मोजू नका!

अपघातात हे गणित कोलमडते. वेदना आणि भीतीमुळे जठराचे काम मंदावते. जेवल्यावर तासाभरात पडलेल्याच्या पोटात आठ तासांनीही भात सापडतो. म्हणून जेवण आणि अपघात, दोन्हींची वेळ आम्हाला हवी असते.

"खाल्ले म्हटले तर ऑपरेशन रद्द होईल," या भीतीने नातेवाईक लपवतात. जीव किंवा हातपाय धोक्यात असेल तर आम्ही थांबत नाही. पोट भरलेले आहे असे धरून तयारी करतो. जमेल तिथे कमरेत इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतो. पूर्ण भूल लागलीच, तर आधी भरपूर प्राणवायू देऊन, झटपट औषधे टोचून श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसवतो. नेहमीपेक्षा धोका जास्त असतोच. पण आम्ही सावध असतो.

दवाखान्याच्या वाटेवर "धीर यावा" म्हणून चहा-बिस्किट देऊ नका. आणि ज्याने रुग्णाला शेवटचे भरवले, त्यालाच शक्यतो सोबत पाठवा.

त्या मुलाला भूल देताना दूध घशात आलेच. ते ओढून घेणारे यंत्र उशाशी सुरू करून ठेवले होते.