जानवे कोणाचे : धर्माचे की कुळाचे?

मुंज झालेल्या ब्राह्मणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर त्याने जानवे काढावे काय? आज हा प्रश्न चमत्कारिक वाटेल; परंतु सतराव्या शतकाच्या आरंभी मदुरा, गोवा आणि रोम या तिन्ही ठिकाणी तो मोठ्या हिरिरीने लढविला गेला.

रॉबर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुरेस आला. तेथील लोक पोर्तुगिजांना ‘परंगी’ म्हणत, आणि ख्रिस्ती होणे म्हणजे परंगी होणे, असाच त्यांचा समज होता. नोबिलीने काषाय वस्त्रे धारण केली, मांस वर्ज्य केले, तमिळ व संस्कृत आत्मसात केले. जानवे, शेंडी, गंध ही कुळाची चिन्हे होत, उपासनेची नव्हेत, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याचा वडीलधारा सहकारी गोंसालु फर्नांडिस याचे मत नेमके उलट. मुंजीत मंत्र आहेत, होम आहे. मग जानवे धर्माबाहेरचे कसे? १६१६ साली त्याने ब्राह्मणांच्या संस्कारांवर पोर्तुगीज भाषेत ग्रंथच लिहिला. वाद ईश्वरशास्त्राचा, पण दोघांनाही पुरावे शोधावे लागले ते आपल्या सोवळ्याओवळ्यात! टायलरचा ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ हा मानवशास्त्राचा पायाभूत ग्रंथ १८७१ सालचा. हे दोघे पाद्री त्याच्या अडीचशे वर्षे आधी तेच काम करीत होते.

कुळाचार कोणता आणि नुसती रीत कोणती, हा घोळ परप्रांती पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांनाही अपरिचित नाही. आपण तो वडीलधाऱ्यांना विचारून मिटवितो. नोबिलीचा वाद १६१९ साली गोव्यातील धर्मसभेपुढे आला. तेथील आर्चबिशप त्याच्या विरुद्ध होते. अखेर १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी जानव्यास अनुमती दिली. मात्र ते मंदिरात न घेता ख्रिस्ती पुरोहिताच्या हातून घ्यावे, अशी अट घातली.

नोबिली जिंकला, परंतु त्याच्या तर्काला दुसरी धार होती. जानवे सामाजिक ठरले, तसा जातिभेदही सामाजिकच ठरला, आणि म्हणून चर्चमध्ये सह्य झाला. खालच्या मानलेल्या जातींसाठी पुढे वेगळे ‘पंडारस्वामी’ नेमले गेले. उच्चकुलीनांनी दीनांना तुच्छ लेखू नये, असे पोपच्या त्याच आज्ञापत्रात विनविले होते. पण विनंतीला आज्ञेचे बळ कोठून येणार? तमिळनाडूत ख्रिस्ती स्मशानभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणाऱ्या भिंतीवरून एकविसाव्या शतकातही तंटे झाले आहेत.