रक्तातील चरबी आणि रोहिण्यांचे अस्तर

रक्तवाहिन्यांच्या आतील बाजूस पेशींच्या एकाच थराचे जे अस्तर असते, ते फार काळ केवळ रक्त आणि वाहिनीची भिंत यांमधील निष्क्रिय पडदा मानले जात होते. हा समज 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने मोडीत काढला. न्यूयॉर्कमधील औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन या द्रव्याचा परिणाम तपासला, तेव्हा अस्तर शाबूत असलेली पट्टी सैलावत होती, तर अस्तर घासले गेलेली सैलावत नव्हती. अस्तरातून स्नायूंना सैलावण्याचा निरोप पोहोचवणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू होय, हे पुढे सिद्ध झाले आणि 1998 चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुईस इग्नारो व फरीद मुराद यांना मिळाले.

रक्तातील चरबी घाला घालते ती याच वायूवर. चरबी पाण्यात विरघळत नसल्यामुळे ती प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म कणांतून वाहून नेली जाते; त्यांपैकी एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉलचे कण, संख्येने वाढले की अस्तराखाली शिरून अडकतात आणि तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. असे बिघडलेले कण नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटवतात, शिवाय अस्तराच्या पेशींच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उगवतात, त्यांना रक्तातील पांढऱ्या पेशी चिकटतात, आत शिरतात आणि चरबी गिळून फुगतात. रोहिणी अरुंद होण्याच्या कितीतरी आधी तिचे काम असे बिघडलेले असते.

हा बिघाड दंडावर मोजता येतो. रक्तदाब मोजण्याचा पट्टा हाताला पाच मिनिटे घट्ट आवळून सोडला की रक्ताचा लोंढा येतो आणि निरोगी रोहिणी रुंदावते. ती किती रुंदावली हे सोनोग्राफीत दिसते. अमेरिकेतील रॉबर्ट व्होगेल व सहकाऱ्यांनी 1997 साली कोलेस्टेरॉल प्रमाणात असलेल्या 10 निरोगी व्यक्तींना 50 ग्रॅम चरबीचा नाश्ता दिला, तेव्हा पुढील चार तासांपर्यंत हे रुंदावणे जवळपास निम्म्यावर आले; तेवढ्याच उष्मांकाच्या, पण चरबीविरहित नाश्त्यानंतर तसे झाले नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे जेवणानंतर रक्तात चढणारी चरबी, जितकी अधिक वाढली तितकी ही घट मोठी होती. म्हणूनच उपाशीपोटी केलेल्या तपासणीचा अहवाल महत्त्वाचा असला तरी दिवसाचा बराचसा काळ अस्तर कोणत्या रक्तात न्हात असते, हे त्यातून पुरते कळत नाही.

एलडीएलमुळे झालेला हा बिघाड, निदान आरंभी, परतवता येतो. स्टॅटिन गटातील औषधांनी अस्तराचे काम सुधारते; आणि ज्यांचे कोलेस्टेरॉल फार वाढलेले असते अशा रुग्णांच्या रक्तातील एलडीएल यंत्राद्वारे गाळून काढले, तर एकाच वेळच्या उपचारानंतरही रक्तवाहिन्या अधिक रुंदावू लागतात.