चेंडूफेक आणि चकवा

बेसबॉलच्या नियमावलीतील ‘बॉक’ हा दोष नवख्या प्रेक्षकास हटकून कोड्यात टाकतो. चालता चालता घोडा अडला की इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात; चेंडू टाकण्यास आरंभ करून मध्येच अडणारा पिचरही त्याच नावाने दोषी ठरतो.

पहिल्या तळावरील धावक दुसरा तळ गाठण्याच्या उद्देशाने काही पावले पुढे सरकून उभा असतो. पिचरने एक तर फलंदाजाकडे चेंडू टाकावा, नाही तर तळाकडे फेकून धावकास बाद करावे. परंतु एकाचा आविर्भाव करून दुसरे करू नये, हे या नियमाचे मर्म होय. म्हणून दोन्ही हात एकत्र आणल्यावर त्याने चेंडू टाकण्यापूर्वी पूर्णपणे थांबले पाहिजे. पाय रबरी पट्टीवर असताना पहिल्या तळाकडे नुसती हूल देता येत नाही. दुसऱ्या तळाच्या दिशेने पाऊल टाकून मात्र देता येते. पट्टीवरून पाय मागे घेतला की तो सामान्य क्षेत्ररक्षक होतो आणि त्यास हूल देण्याची मोकळीक मिळते. दोष घडल्यास प्रत्येक धावकास एकेक तळ पुढे जाण्याची मुभा मिळते.

नियमाचा रोख फसवणुकीवर असला तरी पंचास मनातील हेतू दिसत नाही; त्याने पाय, खांदा आणि हातच पाहावयाचे. हा मेळ किती नाजूक आहे, हे 1988 साली दिसले. अमेरिकेतील प्रमुख साखळ्यांनी त्या वर्षी पूर्ण थांबण्याच्या अटीस ‘स्पष्ट दिसेल असे’ ही पुस्ती जोडली. आदल्या वर्षी 356 असलेले बॉक एकदम 924 झाले! एकट्या डेव्ह स्ट्यूअर्ट यांच्या नावे 16 लागले. पिचर एकाएकी लबाड झाले नव्हते, शब्द तेवढा बदलला होता. पुढच्या वर्षी तो काढून टाकण्यात आला.

आपल्याकडील क्रिकेटमध्ये संशय बहुधा उलट बाजूस असतो. 13 डिसेंबर 1947 रोजी सिडनी येथे विनू मंकड यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राऊन यांना धावबाद केले. नियमाप्रमाणे ते बाद होते; तरीही दोष मंकडांच्या नावास चिकटला, हे न्यायाचे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर 2022 पासून ही तरतूद ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून ‘धावबाद’ या प्रकरणात घेण्यात आली. तथापि गोलंदाजास मर्यादा आहेच. चेंडू हातून सुटणे नेहमी अपेक्षित असते, तो क्षण उलटला की हा मार्ग बंद होतो.

10 एप्रिल 2023 रोजी बंगळूरच्या चिन्नस्वामी क्रीडांगणावर बंगळूर व लखनौ यांच्या सामन्यात नेमका हाच प्रश्न उभा राहिला. धावसंख्या समान, लखनौचे नऊ गडी बाद आणि एकच चेंडू शिल्लक. रवी बिश्नोई क्रीझबाहेर निघालेला पाहून हर्षल पटेलने धावता धावता यष्टी पाडण्याचा यत्न केला. हात रिकामा गेला. मग पुढे जाऊन त्याने वळून चेंडू यष्टीवर फेकला, पण तोवर तो क्षण टळला होता. पंचांनी अपील फेटाळले. चेंडू पुन्हा टाकण्यात आला, फलंदाजास तो लागला नाही, यष्टिरक्षकाकडून निसटला आणि एका बायवर लखनौने सामना जिंकला.